खळं, ट्रॅक्टर आणि आमचा तिसरा हिस्सा

आपल्याकडे ट्रॅक्टरचा इतिहास बहुतेक वेळा कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या साली कोणतं मॉडेल आलं, किती अश्वशक्तीचं होतं, बॉनेटचा रंग कोणता होता. जुन्या ट्रॅक्टरचे शौकीन हे सगळं तोंडपाठ सांगतात आणि ऐकायला मलाही आवडतं. पण ते यंत्र गावात आलं तेव्हा कुणाच्या दारात उभं राहिलं, पैसे कुठून आले, दुरुस्त कुणी केलं, कुणाचं काम गेलं, हे त्यात फारसं सापडत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. मुसलमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शहर येतं. मोहल्ला, गॅरेज, फळांची गाडी, भंगाराचं दुकान. नोकरी लागली तेव्हा स्टाफरूममध्ये मला एका बाईंनी अगदी निर्मळपणे विचारलं होतं, "तुमच्यात शेती असते?" माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, तासगावच्या बाजूचं. घरात शाळू, भुईमूग, थोडा गहू आणि विहिरीच्या पाण्यावर जेवढा भिजेल तेवढा ऊस. आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात. दादांच्या आधीच्या किती पिढ्या त्याच मातीत राबल्या हे सात-बाराला विचारावं लागेल. म्हणून हा लेख थोडा इतिहासाचा आणि थोडा आमच्या घरचा आहे.

शब्दांत दडलेली शेती

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीही शिकवते आणि उर्दूही. शेतीचा धडा आला की फळ्यावर दोन रकाने करते. एका बाजूला नांगर, तिफण, मळणी, खळं, रास. दुसऱ्या बाजूला मशागत, हंगाम, जिरायत, बागायत, खरीप, रब्बी, अवजार. पहिल्या रकान्यातले शब्द इथल्या मातीतले. दुसऱ्या रकान्यातले अरबी-फारसीतून आलेले. 'मशागत' म्हणजे उर्दूतली 'मशक्कत', कष्ट. 'जिरायत' म्हणजे 'जिराअत', शेती. 'खरीफ' म्हणजे शरद आणि 'रबी' म्हणजे वसंत. मुलं चकित होतात. मग मी विचारते, "या दोन रकान्यांपैकी एक पुसला तर शेती करता येईल का?" सारा-वसुलीच्या बोलीत 'मलिकंबरी' हा शब्दही टिकून राहिला. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, पण जमिनीचा कस बघून सारा ठरवायची त्याची पद्धत लोकांच्या स्मरणात राहिली.

यंत्रं आली तेव्हा तिसरा रकाना तयार झाला. पिस्टन, नोझल, बेअरिंग, पुली, गिअर. आणि ते दुरुस्त करणारा मिस्त्री. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. एका बांधावर इतक्या भाषा नांदतात, पण त्याची दखल कुणी घेत नाही.

लोखंडी फाळापासून इंजिनापर्यंत

आमच्या भागात यंत्रयुगाची सुरुवात ट्रॅक्टरने झाली नाही. ती लोखंडी नांगराने झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात तो तयार केला. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला. तीच किर्लोस्करवाडी. आज ती आमच्याच जिल्ह्यात आहे. दादांच्या तोंडी 'वाडीचा नांगर' असाच शब्द होता.

लोखंडी नांगर खोल जायचा म्हणून जड चालायचा. कुंदा आणि हरळी माजलेल्या काळ्या रानात त्याला चार-चार बैलजोड्या लागत. एवढे बैल एका घरात कुठून असणार? म्हणून पैरा. आज तुमचं रान, उद्या आमचं. मोठी नांगरट असली की इर्जिक घालायची, म्हणजे गावातली औतं बोलवायची आणि संध्याकाळी सगळ्यांना जेवू घालायचं. आमच्या घरची इर्जिक असली की दादी दोन चुली मांडायची. एका चुलीवर मटण, दुसऱ्या चुलीवर माळकऱ्यांसाठी पुरणपोळी. यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. बैल कमी आणि रान जास्त, म्हणून माणसं एकमेकांना धरून होती.

मग आलं इंजिन. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवलं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. हळूहळू विहिरीवरची मोट गेली आणि इंजिनाची धडधड सुरू झाली.

आमच्या घरात या इंजिनाने एक धार्मिक हिशेबही आणला. पिकावरच्या जकातीला उश्र म्हणतात. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा आणि खर्च, कष्ट करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा. दादांना लिहिता-वाचता उर्दूपुरतं येत होतं, पण हा हिशेब त्यांचा पक्का. माळावरच्या शाळूची रास वेगळी आणि विहिरीखालच्या गव्हाची रास वेगळी. चुकूनही एकत्र करू द्यायचे नाहीत. डिझेल महागलं की चाचा चेष्टेने विचारायचे, "आता विसावा तरी का?" दादा म्हणायचे, "पाणी इंजिनानं काढलं, पण विहिरीत कुणी घातलं?"

खळं म्हणजे फक्त मळणीची जागा नव्हती

मी लहान असताना आमच्या गावातली शेवटची काही खळी पाहिली. जमीन खणून, पाणी मारून, चोपून, शेणाने सारवलेलं गोल अंगण. मधोमध मेढ. मेढीला बांधलेली बैलांची पात कणसांवरून गोल फिरायची. बैलांच्या तोंडाला मुसकी. मग वावडीवर उभं राहून वाऱ्याच्या तोंडाला उफणणी. वारा पडला की सगळं थांबायचं. माणसं मेढीला टेकून बसायची, तंबाखू मळायची आणि आभाळाकडे बघायची.

रास झाली की माप सुरू. शेजारच्या खळ्यावर पहिलं माप 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. आमच्या खळ्यावर पहिलं माप 'बरकत' म्हणून पडायचं आणि दुसऱ्यापासून मोजणी. आणि माप चालू असतानाच वाटेकरी यायचे. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, कुंभार. बलुतेदारांच्या यादीत मुलाणीही आहेच. आमच्याकडे विळे-खुरपी पाजळून देणारा शिकलगार यायचा. त्याचं नावच 'सैकल' म्हणजे धार-चकाकी देणं यावरून आलेलं. कधी काळी तलवारींना धार लावणारे हात आता विळ्यांना धार लावत होते. शेवटी मातेरं उरायचं. ते आणि रानातला सरवा बायका गोळा करायच्या.

हे चित्र रंगवून सांगायचा मोह होतो, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. खळ्यावर सगळे येत होते, पण सगळे सारख्या मानाने येत नव्हते. कुणाच्या सुपात वरून, अंतर ठेवून दाणे टाकले जात. कुणाला ताटकळत उभं राहावं लागे. आपल्या कामाचं मोल दुसऱ्याच्या मर्जीवर सोडायची ती व्यवस्था होती. ज्यांची पोरं यातून निसटून रोख पगारावर गेली, त्यांना खळ्याची आठवण गोड वाटेल असं मी गृहीत धरणार नाही.

परदेशातून आलेला राक्षस

देशपातळीवर ट्रॅक्टर आला तो तणाशी लढायला. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराची शिल्लक यंत्रं भारतात पडून होती. त्यांच्या जोरावर १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. मध्य भारतात कांस नावाच्या गवताने व्यापलेल्या जमिनी नांगरून काढायचं काम तिच्याकडे होतं. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला जी पहिली कर्जं दिली, त्यातलं एक एक कोटी डॉलरचं कर्ज शेतीच्या यंत्रांसाठीच होतं.

देशी उत्पादन त्यानंतरचं. १९५९ मध्ये फरीदाबादला जर्मन सहकार्याने आयशर निघाला. १९६० च्या सुमाराला मद्रासला मॅसी फर्ग्युसनचं काम सुरू झालं. १९६३ मध्ये महिंद्रांनी अमेरिकी इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली. १९७१ मध्ये घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या सरकारी एचएमटीने हरियाणात पिंजोरला चेक देशाच्या झेटरवरून ट्रॅक्टर बनवायला घेतला आणि १९७४ मध्ये मोहालीहून भारतीय संशोधकांच्या आराखड्यावरचा स्वराज आला. मागणी इतकी आणि माल इतका कमी, की १९७१ साली सरकारला ट्रॅक्टरच्या वाटप-विक्रीवर नियंत्रणाचा आदेश काढावा लागला.

आमच्या भागात खरा बदल १९७२ च्या दुष्काळानंतर झाला. चारा नाही, पाणी नाही. आमच्या दावणीची दोन जोडपी त्या साली गेली. एक विकली, एक मेली. बैल पुन्हा उभे करायला वर्षं लागतात, आणि पाऊस तर पुढच्या वर्षी पडला. ज्यांच्याकडे बैल उरले नव्हते, त्यांनी तासावर ट्रॅक्टर बोलवायला सुरुवात केली. पैरा फेडायला बैल लागतात. बैल गेले तसा पैराही मोडला.

तीन घरांचा एक ट्रॅक्टर

१९८४ मध्ये आमच्या घरी ट्रॅक्टर आला. म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा आला. जुना, दुसऱ्या हाताचा, पंचवीस अश्वशक्तीचा एचएमटी. एक हिस्सा आमचा, एक शेजारच्या मराठा घराचा, एक जैन घराचा.

नवीन ट्रॅक्टरसाठी कर्ज मिळत होतं. जमीन तारण ठेवायची आणि हप्त्याने फेडायचं. दादा तयार झाले नाहीत. एक कारण सुदाचं होतं. व्याज देणंही त्यांना मंजूर नव्हतं. अब्बा आणि चाचांचं म्हणणं वेगळं. सोसायटीचं पीककर्ज सगळं गाव घेतं, मग ट्रॅक्टरला काय झालं? या वादावर आमच्या घरात दोन वर्षं जेवणं कडू झाली, असं अम्मी सांगायची. पण दादांचं दुसरंही कारण होतं आणि ते मला आज जास्त पटतं. ते म्हणायचे, "हप्ता पावसाची वाट बघत नाही." गावात दोन घरांच्या जमिनी अशाच थकलेल्या हप्त्यांत लिलावाच्या दारापर्यंत गेल्या होत्या. त्या दोन्ही घरांत सुदाचा प्रश्न नव्हता. नुकसान मात्र तेच झालं.

शेवटी म्हशी, दादीच्या पाटल्या आणि भुईमुगाचे पैसे असं जुळवून तिसरा हिस्सा भरला. एक वही घातली. कोण किती तास वापरतं, डिझेल कुणी भरलं, बेअरिंग कुणी आणलं. दादांच्या नोंदी उर्दूत, बाकी दोघांच्या मराठीत. आकडे मात्र तिघांचे मराठी. ती वही माझ्याकडे आहे.

या वहीत भागीदारीच्या यशाची आणि अपयशाची दोन्ही कारणं दिसतात. उन्हाळ्यात नांगरटीच्या पाळ्या सुरळीत आहेत. कुणाची आधी, कुणाची नंतर, फरक पडत नाही. खर्चावरून भांडण नाही. पण जूनमधली पानं बघा. खाडाखोड, दोन-दोन नावं, एका ठिकाणी कागद फाटेपर्यंत गिरवलेलं. कारण वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना फार ओली ना फार कोरडी, अशी पेरणीजोगी अवस्था तीन-चार दिवस टिकते आणि ती तिन्ही घरांच्या रानात एकाच वेळी येते. पैऱ्याच्या काळात दहा घरांच्या दहा जोड्या एकाच दिवशी चालू शकत. यंत्र एकच. सहा वर्षांनी आमच्या दोघा भागीदारांनी आपापले ट्रॅक्टर घेतले आणि जुना एचएमटी आमच्याकडे ठेवून आम्ही त्यांचे हिस्से फेडले. मनं तुटली नाहीत. आजही लग्नाकार्याला येणं-जाणं आहे. पण सामाईक यंत्रं का टिकत नाहीत, यावर चांगुलपणाची भाषणं ऐकते तेव्हा मला जूनची पानं आठवतात. तिथे स्वभावाचा दोष नव्हता. तिघांवर पाऊस एकाच दिवशी पडत होता.

मिस्त्री

त्या ट्रॅक्टरचा सेल्फ कधीच धड चालला नाही. म्हणून तो कायम दर्ग्याजवळच्या उतारावर उभा असायचा. ब्रेक सोडला की घरंगळत निघायचा आणि गिअरला टाकला की चालू. पावसाळ्यात कुणी उतारावर दुसरी गाडी लावली तर मिस्त्रीमामू ओरडत यायचे.

मिस्त्रीमामू शिकलगाराच्या घरातले. त्यांच्या वडिलांनी विळ्यांना धार लावली आणि त्यांनी मळणीच्या मशीनचे दात बनवले. शाळा चौथीपर्यंत. इंजिनाच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक आणि मुठीला कान लावून ते बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगायचे. मूळ पार्ट मिळत नव्हता आणि मिळाला तर परवडत नव्हता. म्हणून ते बुश स्वतः लेथवर काढून घेत, कधी दुसऱ्या जातीच्या इंजिनाचं नोझल बसवत. झेटरचा मूळ आराखडा चेक इंजिनिअरांचा, पण आमच्या रानात चाललेल्या ट्रॅक्टरला निम्मी बुद्धी मिस्त्रीमामूंची होती.

पश्चिम महाराष्ट्रात असे मिस्त्री गावोगाव होते. मुसलमान, लोहार, सुतार, पांचाळ. ज्यांच्याकडे जमीन नव्हती किंवा तुकडाभर होती, त्यांनी जुन्या कसबाला नव्या यंत्रात जागा शोधली. बलुतं बंद झालं तेव्हा ते उपाशी राहिले नाहीत, ते या हुन्नरामुळे. गॅरेजमधला मुसलमान लोकांना दिसतो. पण तो तिथे खळ्यावरून चालत आला आहे, हे दिसत नाही.

मळणीचं मशीन आणि एक हात

ट्रॅक्टरपेक्षा गाव बदललं ते मळणीच्या मशीनने. काही भागांत त्याला हडंबा म्हणतात. आमच्याकडे नुसतं 'मशीन'. आधी ऑइल इंजिनाच्या पुलीवरून लांब पट्टा टाकून चालायचं, पुढे ट्रॅक्टरच्या पाठीवरून. वाऱ्याची वाट बघायची गरज नाही. बैलांना आठवडा लागायचा ते काम एका रात्रीत. मालक पोत्यामागे धान्य घ्यायचा, नंतर रोख.

पण मशीनला कणसं हाताने चारावी लागत. तोंड आखूड, आत फिरणारे दात, पट्टा तुटेपर्यंत थांबायचं नाव नाही. एका दिवसात सगळ्यांची मळणी उरकायची म्हणून काम रात्रभर चाले. झोप, अंधार, घामाने ओले हात, बांगड्या, पदर. देशभर इतके हात गेले, की १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्याचा मुख्य रोख मळणी यंत्रांवर होता. चारा घालायची पन्हाळ लांब आणि अर्धवट झाकलेली असावी, म्हणजे हात दातांपर्यंत पोहोचणार नाही, एवढी साधी ती सुधारणा. तिला लोखंडाचा एक पत्रा पुरतो.

आमच्या रानात आलेल्या मशीनला तो पत्रा नव्हता. कायदा होऊन चार वर्षं झाली होती. रोजगाराला आलेल्या एका बाईचा उजवा हात कोपराखाली गेला. मी आठ वर्षांची होते. मला ओरडणं आठवत नाही, ते मशीनच्या आवाजात बुडालं असावं. मला आठवतो तो पट्टा, कुणीतरी लाथ मारून पाडलेला, मातीत वळवळणारा. भरपाईचा अर्ज कुणी लिहिला नाही. कायदा गावात कुणाला माहीत नव्हता, मास्तरांनाही नाही. तिन्ही घरांनी मिळून दवाखान्याचा खर्च केला, दादांनी तहहयात तिच्या घरी पायलीने धान्य पाठवलं आणि सगळ्यांना वाटलं की आपण आपलं कर्तव्य केलं. तिच्या हाताची किंमत पुन्हा एकदा मर्जीवर ठरली.

वहीत त्या दिवशीची नोंद दादांच्या अक्षरात आहे. 'मशीन दो दिन बंद.' एवढीच.

काय उरलं

आज आमच्या गावात खळं शोधून सापडणार नाही. सोयाबीन आणि गव्हाला पंजाबातून आलेली कम्बाइन यंत्रं फिरतात, उसाला हार्वेस्टर येऊ लागले आहेत. धान्य यंत्रातून पोत्यात आणि पोत्यातून बाजारात जातं. रास अशी होतच नाही. आता उश्र द्यायचा तर पट्टी हातात आल्यावर कॅल्क्युलेटरवर काढावा लागतो. बायकांची उफणणी गेली, त्यासोबत मातेरं आणि सरवाही गेला. ज्या घरांची चूल त्या दाण्यांवर पेटायची, त्यांच्या नावाने कुठल्या अहवालात तूट मांडलेली नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. आमचा एचएमटी त्याआधीच भंगारात गेला होता. विकत घेणारा ओळखीचाच निघाला, मिस्त्रीमामूंचा नातू.

मला जुनं परत नको आहे. बैलांची पात, रात्रीची मशीन, वरून टाकलेले दाणे, यातलं काहीच नको. पण आपल्या शेतीचा इतिहास फक्त मॉडेल नंबरांत राहू नये असं वाटतं. तुमच्या घरात अशी वही असेल, मोटेचं कप्पीचाक असेल, सोसायटीच्या जुन्या पावत्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मशीनवर कोण काम करायचं, दुरुस्त कोण करायचं, रास कुणाकुणाला वाटली जायची. नावं लिहून ठेवा. मी आमच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर सुरुवात केली आहे. पहिलं नाव त्या बाईचं लिहिलं. ते विचारायला तिच्या घरी जावं लागलं, कारण आमच्या घरात सगळे तिला नुसतं 'मशीनवाली' म्हणत होते.